समास

तार्तूला जानेवारीत साडेतीनलाच दिवस आवरतो.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण,
ओले बूट रेडिएटरपाशी,
आणि वाद एवढाच
की माहितीपुस्तक ठेवायचं कशात.

तावेत म्हणाला, विकी. कुणीही यावं, लिहावं.
मारिका म्हणाली, आणि कुणीही यावं, पुसावं?
साध्या मजकुराच्या फाइली, कोडच्या शेजारी,
प्रत्येक बदलाला नाव, तारीख, कारण.
हेन्नोला पीडीएफ हवी होती, देखणी,
मुखपृष्ठासकट.

नदीच्या पुराचा अंदाज सांगणारं आमचं सॉफ्टवेअर,
बारा वर्षं फुकट राबून उभं केलेलं,
आणि ते बसवायचं कसं
हे अर्धं तावेतच्या डोक्यात,
उरलेलं ज्याचं त्याला माहीत.

उलो बोललाच नाही.
सत्तरी उलटलेला, काठावर उभं राहून पाणी मोजणारा.
निघायच्या वेळी पिशवीतून त्यानं छापील प्रत काढली.
चौथ्या पानावर आमची कमांड चुकलेली,
समासात शिसपेन्सिलीनं दुरुस्त केलेली,
खाली तारीख.
दोन वर्षांपूर्वीची.

‘सांगायचं कुणाला, ते कुठे लिहिलं नव्हतं.’

रेडिएटर तेवढा कुरकुरत राहिला.
हेन्नोनं मुखपृष्ठाचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेवटी मारिकाच्या फाइलींवर शिक्का बसला,
तावेत अजून धुसफुसतो.
पण प्रत्येक पानाच्या तळाशी आता एक ओळ असते:
चूक दिसली तर इथे दाबा,
नाही जमलं तर फोन करा.
नंबर मारिकाचा.

परवा रात्री अकराला वाजला.
सतरावं पान, म्हणाला उलो,
आणि पेन्सिल आहे का हाताशी?