पर

ग्लेनिसच्या दुकानात पर टांगलेत
वलांडीवर बोंबील टांगावेत तसे, जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून.
वास मात्र रबराचा.
दाराबाहेर स्वॉनेजचा धक्का, मे महिना, पाणी बारा अंशांवर.
"गुडघा कुठला वाईट?" तिने आधी हे विचारलं,
पायाचा नंबर नंतर.

डावा.
औषधांच्या काउंटरमागे सव्वीस वर्षं उभी आहे मी.

मग तिने मधोमध चिरलेले काढले,
सर्पाच्या जिभेसारखे. हलके, बोलघेवडे,
जरा फडफड केली की निघाले,
गुडघ्याला पत्ताही नाही.
आठवडाभर मी त्यांच्यावर खूश.
पण धक्क्याच्या खांबांमधून ओहोटी सुटली
तेव्हा ते नुसतेच हो हो म्हणत राहिले,
आणि एका खांबावरचं एकच समुद्रफूल
मी पाच मिनिटं पाहिलं, जिवाच्या आकांताने पोहत,
जागच्या जागी.

टोपलीत दुसरे होते, मोज्यासारखे अख्खं पाऊल गिळणारे.
"ते गरम पाण्याचे. सुट्टीवाल्यांचे," ग्लेनिस म्हणाली,
कुणाचा तरी आजार सांगावा तशी.

आणि कॅलमचे, ते वेगळेच,
मांडीपेक्षा लांब, कार्बनचे, पात्यासारखे.
श्वास कोंडून तो एका लाथेत तळ गाठतो,
पण वाळूवर उलटा चालतो, मागे बघत बघत,
नव्या नवरीने शालू सांभाळावा तसा.
मी घालून पाहिले नाहीत.
किंमत वाचली आणि वयही आठवलं.

भाऊ फोनवर म्हणाला, पायांनाच एवढं?
आपण विहिरीत शिकलो तेव्हा काय होतं,
पाठीला पांगाऱ्याचा ओंडका आणि काकाचा धक्का.
खरंय. पण विहिरीत कुठे जायचं नसतं रे,
गोल फिरायचं आणि वर यायचं.
आणि त्याला आपल्यात काय म्हणतात, त्याने विचारलं.
पर, मी म्हटलं. माशाला असतो तो.
तो हसला. परदेशातला का?

शेवटी तळाच्या खणातून निघाले
काळे, आखूड, जाड रबराचे, पाणी जायला खिडक्या पाडलेले.
हातात घेतले तर दोन कलिंगडं.
टाचेला पट्टा नाही, स्प्रिंग.
आतल्या बाजूला पुसट पांढऱ्या अक्षरांत: आर. पेनहॅलो.
"रोवेना," ग्लेनिस म्हणाली. "कान गेले तिचे. आता वाटाणे लावते."

पहिल्या दिवशी पोटऱ्यांत असे गोळे आले
की पायऱ्यांवर बसून मराठीत शिव्या दिल्या,
दोन मुलं आईस्क्रीम विसरून ऐकत राहिली.
फडफड नको, ग्लेनिस म्हणाली. बेडूक हो.
फाकव, ढकल, थांब.
थांब हे महत्त्वाचं. गाळ उडता कामा नये.
आणि मग एकदा, घोटे बाहेर वळवून,
खुरप्याने माती ओढावी तसं पाणी आपल्याकडे ओढ.
मी ओढलं.
मागे गेले.
वीतभर, वाकडी, पण मागे, हात न हलवता.
चिरलेल्या जोडीला हे सात जन्मांत येणार नाही.

त्याच रविवारी खांबाच्या सावलीत एक माकूळ.
अंगाभोवती झालर, झुळझुळ, झुळझुळ,
पाय नाहीत, टाच नाही, गुडघा तर नाहीच.
मी पुढे सरकले तशी ती एक वाव मागे,
न वळता, डोळे माझ्यावरच ठेवून,
रंग बदलत, पट्टे, मग वाळू.

मग मी ओढलं पाणी. एकदाच.
वीतभर परत.
ती वीतभर पुढे आली.

साठ पौंड, ग्लेनिस म्हणाली होती. मी पन्नास दिले.
नाव पुसलेलं नाही.