नववी विद्या

कंबर गेली तेव्हा बोटीनं मला वागुरच्या धक्क्यावर ठेवलं,
आणि त्याच शरदात सोल्वा शिकायला कोपनहेगनला गेली.
तिचा जुना संगणक स्वयंपाकघरातच राहिला.
"बाबा, झोप नाही आली तर खेळ," म्हणाली,
आणि हसली, कारण मला रिमोटसुद्धा धड जमत नाही.

खेळ असा, की हिवाळा आहे आणि तुम्ही एकटे आहात.
हातात कुऱ्हाड. बोथट.
आमच्या फारो बेटांवर मेंढ्या आहेत, गवत आहे,
वाऱ्याचं तर विचारूच नका,
पण जंगल म्हणून नाही;
त्रेपन्नाव्या वर्षी मी जन्मात पहिल्यांदा झाड तोडलं
ते हे असं, एका बोटानं.

विद्या तिथं विकत मिळत नाही.
निखारा तळहातावर धरायची विद्या हवी
तर तीन रात्री विस्तवाविना काढायच्या.
अंधारात दिसायला हवं तर आपला कंदील
आपणच दगडावर आपटायचा
आणि मग वाट चुकायची, पुरेशी.
पाखरांची बोली हवी तर आठवडाभर गप्प.
मी म्हटलं, अरे वा.
एकतीस वर्षं ओल्या हातमोज्यांनी जाळी ओढली,
गप्प तर असा राहिलो
की बायको कंटाळून बहिणीकडे राहायला गेली;
मला कुणी काही शिकवलं नाही.
विस्तव सोडा,
काडेपेटीसुद्धा माझं ऐकत नाही.

पहिल्या रात्री लांडग्यानं खाल्लं.
दुसऱ्या रात्री भुकेनं.
तिसऱ्या रात्री पुन्हा तोच लांडगा,
आता ओळखीचा झाला होता.
मग एका खडकाच्या कपारीत अंग चोरून बसलो,
म्हणजे तो पडद्यावरचा बारका माणूस बसला,
आणि इकडे मीही खुर्चीत पाय पोटाशी घेतले.
त्याची तिसरी रात्र सरली
तेव्हा त्याच्या हातावर काहीतरी लाल झालं.
मी उठून कॉफी केली. दोन कप.
दुसरा कुणासाठी, कोण जाणे.

एकदा चुकून तिचा खेळ उघडला.
नऊ विद्या, रांगेनं, सगळ्या विझलेल्या,
प्रत्येकीखाली मिळाल्याची तारीख.
आठ तर एकाच उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या.
नववीचं नाव: समुद्रावर गेलेल्याला हाक.
एकदाच चालते.
ती मिळवायची कशी, तेही लिहिलं होतं.
किनाऱ्यावर उभं राहायचं. शेकोटी नाही, खाणं नाही, झोप नाही,
आणि आधीच्या आठही
एकेक करून पाण्यात टाकायच्या.

अकरा जानेवारी.
मिळाली, तीन वाजून पन्नास.
वापरली, तीन वाजून एक्कावन्न.

ती रात्र मला ठाऊक आहे.
आमचा रेडिओ दोन दिवस मुका होता,
डेकवर हातभर बर्फ,
आणि ओस्मुंदुर खालच्या खोलीत
स्तोत्रं म्हणत होता, कडवी चुकवत, मोठमोठ्यानं.
सोल्वा तेव्हा तेरा वर्षांची.
मी घरी पोचलो तर ती दारात आली नाही, झोपली होती.
तिची आई म्हणाली, रात्रभर त्या खेळात होती,
डोळे बघ कसे सुजलेत,
आणि मी, अंगावर अजून मीठ,
तिला उठवून रागावलो.
आठवडाभर संगणक कपाटात ठेवला, कुलूप लावून.

मी तसलं काही मानत नाही.
पहाटे वारा पडला, एवढंच. वारा कधीतरी पडतोच.
किती वाजता पडला ते वहीत टिपलं असेल.
वही माळ्यावर आहे.
मी काढलेली नाही.

रविवारी तिचा फोन आला.
जेवलास का, कंबर कशी आहे.
मी म्हटलं, एक सांग,
ती लाल टोपीची अळंबी खायची असते का?
"खाऊ नकोस," ती म्हणाली, "मरशील."
"बरं."
मग दोघंही जरा वेळ नुसते फोन धरून होतो.
तिकडून ट्राम गेल्यासारखा आवाज आला.
"कंदील फोडलास का?" तिनं विचारलं.
"अजून नाही," मी म्हटलं.