टेंगूळ

नऊ चाळीसला घणसोली गावातून आली,
बापाच्या खांद्यावर. कपाळावर फडक्यात बर्फ,
कोळंबीच्या डब्यातला,
सगळ्या कॅज्युअल्टीत वास.

शिवन्या मढवी. वय चार. टेम्पोच्या फळक्यावरून पडली.
केवढ्या उंचीवरून?
बाप कमरेला हात लावतो, आई छातीला.
मी मधला आकडा लिहीत नाही.
शेजाऱ्याला फोन लावून टेप धरायला लावते :
तीन फूट दोन इंच. खाली पेव्हर ब्लॉक.

"सीटी काढा," आई म्हणते, "पैशाचं बघतो आम्ही."
पैशाचं नाही, ताई.
ती किरणं फुकट जात नाहीत डोक्यातून,
आणि हिला अजून सत्तर वर्षं
हे डोकं वापरायचंय.

केसांत बोटं घालते. टेंगूळ कपाळावर, लिंबाएवढं,
कडक. कडक चालेल.
मी घाबरते ते कानाच्या वरच्या, मागच्या,
पिकल्या चिकूसारखं दबणाऱ्या टेंगळाला.
कानामागे निळं नाही. नाकातून पाणी...
नाही, शेंबूडच आहे. देवा, शेंबूडच.
टॉर्चखाली दोन्ही बाहुल्या सारख्या आक्रसतात.
उलटी? एकदा, रिक्षात.
"नाव काय गं तुझं?"
गप्प.
"नेहमी अशीच असते?"
"परक्यांशी बोलत नाही. पण मला चिमटा काढला आत्ता."
लिहिते : वागणं नेहमीसारखं.

शुद्ध हरपली होती का?
इथे कागद अडतो.
आई ओट्याशी होती. धप्प ऐकलं,
रडणं ऐकलं नाही.
"बाहेर आले तोवर... बरंच झालं असेल, मॅडम."
बरंच म्हणजे किती सेकंद?
पेन सीटीच्या फॉर्मकडे सरकतं.

स्ट्रेचरच्या पायाशी एक मुलगा,
आठेक वर्षांचा, एकाच पायात चप्पल.
त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.
मी खाली बसते, गुडघे कटकन वाजतात.
"नाव?"
"नैतिक."
"तू होतास तिथे?"
मान हलते.
"पडली, मग?"
तो बहिणीकडे बघतो, मग बापाकडे, मग लादीकडे.
"लगेच रडली. मीच तोंड दाबलं तिचं.
मम्मीला कळलं असतं."
आणि हात पुढे करतो.
अंगठ्याखाली चार दातांचे वण, ताजे, ओले.

बाप उठतो. "बसा," मी म्हणते,
जरा मोठ्यानेच.
यापेक्षा स्वच्छ रिपोर्ट
या पाळीत मला मिळालेला नाही.

फॉर्म ड्रॉवरमध्ये. दीडपर्यंत इथेच थांबायचं.
दर अर्ध्या तासाला मी टॉर्च घेऊन येईन,
ती चिडेल. चिडू दे.
परत उलटी झाली, चालताना झोकांड्या गेल्या,
न कळणारं बोलायला लागली, तर फॉर्म बाहेर.

अकराला ठाणे-बेलापूर रोडवरून दोन बाइकवाले आले,
एक हेल्मेटसकट.
मी विसरले, मग आठवलं, मग धावत गेले.
झोपली होती.
"झोपू दिलं, चालेल ना?" आईचा आवाज बसलेला.
हलवलं. तिने डोळे न उघडता
माझा हात झटकला, कुशीवर वळली.
चालेल.

नैतिकचा केसपेपर काढलेला नव्हता.
तरी कापूस घेतला, अंगठ्याखाली पुसून दिलं.
झोंबलं असणार, हूं की चूं नाही.
मग हळूच,
बापाला ऐकू जाणार नाही असं :
"मी पण थांबायचं का दीडपर्यंत?"