खोकला

आमच्या बेटावर उन्हाळा लागला की घरं उलटी होतात.
वरची माणसं खाली येतात, तळघरात,
जिथे एरवी वाइनची पिंपं, कांद्याच्या माळा
आणि फ्रानेची फाटकी जाळी.
वर पाहुणे.
अठरा उन्हाळे मी असेच काढले.
मे महिन्यात गादी गुंडाळून खाली,
ऑक्टोबरात गुडघ्यांना शिव्या देत वर.

आधी फ्राने सोबत होता.
छताकडे बघत म्हणायचा,
"आज डच आहेत. टाचांवर चालतात."
मग फ्राने गेला,
टाचा ओळखणारं कोणी उरलं नाही.

पैसे वाईट नव्हते, खोटं कशाला बोलू.
कौलं त्यातूनच बदलली. लोव्रेचं शिक्षण,
नंतर लोव्रेचं आयर्लंडचं तिकीट,
तेही त्यातूनच.
त्याच्याच खोलीला मी फोनवर नाव दिलं,
'समुद्र दिसणारी खोली'.
दिसायचा समुद्र. खुर्चीवर उभं राहिलं तर.

काय काय शिकले म्हातारपणी!
टॉवेलचा हंस करायला.
भिंतीवर चावीची डबी, तिला चार आकडे,
म्हणजे दार उघडायलाही मी लागू नये.
अंजिरं बशीत ठेवायची,
ठेवणारीनं मात्र दिसायचं नाही.
चांदण्या मिळाल्या की डोब्रिला
गल्लीपलीकडच्या खिडकीतून विचारायची, "किती?"
मी पंजा दाखवायचे, शाळेतल्या पोरीसारखी.

सप्टेंबरात ग्राझहून एक जोडपं आलं.
चांगली माणसं. निघताना बाईनं मिठी मारली,
बोटीवर बसल्यावर लिहिलं:
घर सुंदर, शांत.
फक्त रात्री खालून एका म्हातारीचा खोकला ऐकू येतो.
चार चांदण्या.

राग नाही आला. येतच असणार ऐकू,
मधे नुसत्या फळ्या आहेत.
त्या रात्रीपासून मी
उशीचं टोक तोंडात धरून खोकू लागले.

आता नोव्हेंबर.
स्प्लिटची बोट आठवड्यातून मोजून चारदा,
तीही पीठ आणि गॅसच्या टाक्या घेऊन.
यंदा मी वर गेलेच नाही.
म्हटलं, मे काही लांब नाही.
काल पहाटे तीनला उबळ आली
आणि हात आपोआप उशीकडे गेला.
वर कोणी नव्हतं.
गल्लीत मांजरही नव्हतं.
आणि मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर तोंड दाबून
कुणाची तरी झोप सांभाळत होते.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई,
तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.
हे मी नेहमी त्यांच्याबद्दल म्हणायचे.

सकाळी फोनवर ते सगळं बंद करायला बसले.
त्यानं कारण विचारलं.
कर, शेजारी, वेळ नाही, दुसरीकडे जास्त मिळतात.
मी 'इतर' निवडलं.
खाली दोनशे अक्षरांची रिकामी चौकट.
मी लिहिलं, खोकला.

लोव्रे म्हणाला, "आई, निदान जुलै-ऑगस्ट ठेव."
आकडे सांगितले. दातांचं राहिलंय, हेही सांगितलं.
हिशोब त्याचा बरोबर होता.
हिशोब नेहमीच त्याचा बरोबर असतो.
मी म्हटलं, "तुझी खोली रिकामी आहे आता,"
तर तो एकदम पावसाबद्दल बोलायला लागला, तिकडच्या.

चावीची डबी निघता निघेना.
फ्रानेचे स्क्रू. उपटली तेव्हा
भिंतीचा पोपडाही सोबत आला. राहू दे.

गादी एकटीनं वर नेली, तीन ठिकाणी थांबत.
पांढऱ्या चौदा चादरी कपाटात ढकलल्या,
माझी फुलाफुलांची अंथरली.
तरी सवयीनं उशाशी पाण्याची बाटली ठेवलीच,
टॉवेलची त्रिकोणी घडीसुद्धा.
दिवा लावला.

"पेरिना!" डोब्रिला ओरडली,
"या दिवसांत वर कोण आलंय गं?"
"मीच."
"किती रात्री?"
मी सवयीनं पंजा वर केला.
मग दुसरा.
पुढे कसं मोजायचं कळेना,
आणि तेवढ्यात उबळ आली, भलीमोठी, उघड्या तोंडाची.
ती संपेपर्यंत डोब्रिला खिडकीत उभी होती.
मग म्हणाली, "खिडकी लाव आधी. गार वारा सुटलाय."