चाळीस ओळी

उद्यमनगरात, लेथच्या कारखान्यावरच्या माळ्यावर
मी आणि इर्शाद मुजावर
दीड वर्ष मेलचं सॉफ्टवेअर बांधतोय.
खाली बीड कापत असतात,
वर टेबलावरचा चहा कायम थरथरता.

आमच्या मशीनवर ते पाण्यासारखं चालायचं.
आमच्या मशीनवर मेल होते दोनशे,
तेही आम्हीच एकमेकांना पाठवलेले:
टेस्ट. टेस्ट दोन. जेवलास का.

मग ते मगदूमबाईंकडे बसवलं.
गोकुळ शिरगावची फाउंड्री, डिस्पॅचचं टेबल,
दोन हजार आठपासून एकही मेल पुसलेला नाही.
एक लाख त्र्याऐंशी हजार.
बाईंनी क्लिक केलं
आणि खिडकी पांढरीफटक पडली.
वरच्या पट्टीत तेवढं उमटलं: प्रतिसाद देत नाही.
बाई उठल्या, पर्स काखेत मारली,
"उघडू दे सावकाश. मी च्या पिऊन येतो."

चार मिनिटं अकरा सेकंद.
मोजली मी, मान खाली घालून.

माळ्यावर परत आल्यावर प्रोफायलर लावला.
वाटलं, नेटवर्क असेल. नेटवर्क निवांत होतं.
वाटलं, डिस्क. ती तर नवीकोरी.
सापडलं ते माझंच फंक्शन, तीन ओळींचं,
"न वाचलेले किती?" एवढंच विचारणारं,
आणि एक मेल आला की पुन्हा पहिल्यापासून मोजणारं.
मार्केट यार्डात गुळाचा एकेक रवा उतरल्यावर
अख्खी थप्पी नव्यानं मोजणारा दिवाणजी
दुपारपर्यंत टिकला नसता.
मी दीड वर्ष पोसला.

इर्शाद फार बोलत नाही. त्यानं विचारलं,
"बाईंच्या स्क्रीनवर ओळी मावतात किती?"
चाळीस.
"मग उरलेल्या एक लाख ब्याऐंशी हजार नऊशे साठ
कुणासाठी रंगवायला लागलाईस?"

त्या रात्री चाळीसच ओळी ठेवल्या.
खानावळीत ताटं तेवढीच असतात की,
एक उठला, विसळलं, दुसऱ्यापुढं मांडलं.
वर सरकून नाहीशी झालेली ओळ
खालून नवं नाव घेऊन येते,
आणि बघणाऱ्याला वाटतं, पंगत केवढी लांब.

दर उत्तराखाली फाउंड्रीचा लोगो होता,
तोच, चौदा हजार वेळा उलगडून मेमरीत पसरलेला.
तो एकदाच उलगडायचा
हे कळायला एक सुट्टीचा सोमवार गेला,
खाली लेथ गप्प, आणि चहा पहिल्यांदाच स्थिर.

पुन्हा बाईंकडे.
या खेपेला उठायला त्यांना वेळच मिळाला नाही.
बसल्या, चष्मा लावला, आणि माऊसचं चाक
असं फिरवलं की थेट दोन हजार आठात.
"मधीच पांढरं दिसलं."
किती वेळ?
"पापणी लवंस्तवर."
एका चित्राला सोळा मिलीसेकंद मिळतात, बाई,
सतराव्याला डोळा पकडतो.
हे मी मनातच म्हटलं.
केसाएवढी चीर पडलेलं कास्टिंग
ज्यांनी गेटवरून परत पाठवलंय
त्यांना काय सांगायचं.

आठवड्यानं फोन आला.
"ते कऱ्हाड शोधलं तर निम्मंच घावतंय."
मला माहीत होतं. त्या अर्ध्या र-ला
आत दोन रीतींनी लिहितात,
बाहेरून बघितलं तर केसाचा फरक नाही,
आणि आमचा शोध एकीलाच ओळखतो.
बघतो, म्हणालो.

"बघा. आणि एक," बाई म्हणाल्या,
"गेटवरचा शिदगोंडा, च्यावाला,
परवा वर माणूस धाडून इचारत हुता,
बाई आजारी हाईत का."