न नांगराचा

खारदांड्याची शाळा, दुसरा मजला, पहिली ब.
तक्त्यावर न. न नांगराचा.
खाली चित्र : दोन बैल, तपकिरी रेघांचं शेत.

डिंपल भानजीनं बोट ठेवून वाचलं,
नां-ग-र,
अगदी बरोबर. मग चित्राकडे बघून म्हणाली,
"बाई, ह्ये चुकलंय."

नांगर लोखंडाचा असतो, तिनं सांगितलं.
चार नखं असतात त्याला.
दोर लावून पाण्यात सोडायचा,
"मंग होरी हालत नाय."
बैल कशाला पाहिजेत?

मागच्या बाकावरून सुदाम उठला,
जूनमध्ये जिंतूरहून आलेला, आजवर मुका.
"आमच्याकडं हाय नांगर. मामाचा.
जमिनीतूनच जातो.
थांबला की मामा शिव्या देतो."

एक चालवायचा, एक थांबवायला;
अक्षरं तीच तीन.
सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला.
मी गोरेगावच्या बिल्डिंगमधली,
दोन्ही नांगर मला चित्रातूनच ठाऊक.

चित्र झाकून वाचून घ्या, असं प्रशिक्षणात सांगतात.
मी तक्ता उतरवला, फरशीवर आडवा केला,
रंगीत खडूंची पेटी शेजारी ठेवली.

डिंपलनं बैलांच्या पायाखाली समुद्र काढला.
निळा संपला तेव्हा हिरव्यानं.
मग तळाशी चार नखं, आणि तिथून वर निघालेला दोर.
तो कुठं बांधायचा, तिला सुचेना;
होडीला जागाच उरली नव्हती.

सुदाम वाकला. "हितं बांध," म्हणाला,
आणि बोट ठेवलं
न च्या उभ्या दांडीवर.