पोर्ट झिरो

चाळीस पायांची ही काळी गोम
मी सॉकेटात दाबली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते
आणि अक्कलकोट रोडच्या शेडची भिंत
दिवसभराचं ऊन अजून परत करत होती.

विसाव्या पायाला जमीन. चाळिसाव्याला पाच व्होल्ट.
नवव्याला रिसेट:
गेलेली लाईट आली की क्षणभर सगळं विसरायचं
आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात.
अठरा आणि एकोणीसच्या मध्ये क्रिस्टल,
नवी पेठेतून बावीस रुपयांना आणलेला,
शेंगदाण्याएवढा,
तो थरथरतो म्हणून बाकीचे चालतात.
बारा थरथरींचं एक पाऊल,
अशा दहा लाख पावलांचा एक सेकंद.

बिंगीशेठचा सात नंबरचा माग
मिनिटाला एकशेवीस वेळा धोटा फेकतो.
म्हणजे एका फेकीपासून दुसरीपर्यंत
माझ्या चिपला पाच लाख पावलं मोकळी.
पाच लाख!
मी वहीत दोनदा गुणून पाहिलं.
एवढ्या वेळात तिनं फक्त आठ पट्ट्यांना विचारायचं,
आहेस का, आहेस का,
कारण ताण्याचा धागा तुटला की पत्ती पडते,
पत्ती पडली की पाय शून्यावर,
शून्य दिसलं की मोटर बंद.

एवढंच काम.
हेच मल्लेशम मामा एकतीस वर्षं कानानं करत आला,
आणि त्यातच कान गेले.

मोटर लावली. माग सहा फेका चालला, थांबला.
मामानं ताण्यावरून बोटं फिरवली,
काठापासून काठापर्यंत, आंधळा वाचतो तशी.
"बिड्डा, धागा तुटला नाही."

पुन्हा लावली. अकरा फेका.
"नाही तुटला."

मी टायमर तपासला,
पंधरा हजार पाचशे छत्तीसपासून मोजायला लागतो, बरोबर आहे.
प्रोग्रॅम पुसून परत भरला.
माग चालला, मी बोर्डाकडे वाकले, थांबला.
घाम डोळ्यात गेला.

मामा स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होता.
ऐकू येत नाही त्याला, म्हणून बघतो.
"तू जवळ गेलीस की थांबतंय," तो म्हणाला,
शेडमध्ये बोलतात त्या आवाजात, शेड बंद असताना.
"ढिला धागा असाच.
वारा आला तरी पडतो.
ह्याला वरून कुणी धरलंय का?"

कुणी धरलं नव्हतं.
आठही पट्ट्या मी पोर्ट झिरोला जोडल्या होत्या,
ज्याला खाली बसता येतं, स्वतःहून उठता येत नाही.
बाकीच्या तीन पोर्टांना आतून थोडा आधार असतो.
ह्याला बाहेरून द्यावा लागतो.
पॉलिटेक्निकला चार मार्कांचा प्रश्न होता हा,
मला साडेतीन मिळाले होते.

दहा किलोओहमचे आठ हवेत. तपकिरी, काळा, नारिंगी.
डबीत सहा निघाले.
दोन, मेलेल्या टायमरच्या बोर्डातून उपसले,
सोल्डरचा धूर, मामाची विडी,
एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला एकेक पाय.
घ्या, धरलं.

पावणेदोनला माग सुटला.
मी बोर्डावर हात ठेवला. चालू.
वाकले, फुंकर मारली. चालू.
मामानं चौकटीवर तळवा टेकवला होता,
त्याच्या मनगटाची शीर फेकीबरोबर हलत होती.

मग न विचारता त्यानं ताण्यात दोन बोटं घातली
आणि एक धागा तोडला.

धोटा वाटेतच राहिला नाही, घरात जाऊन थांबला.
मामा हसला की नाही, बल्बच्या उजेडात कळलं नाही.
त्यानं दोन्ही टोकं ओठाशी ओली केली, गाठ मारली.
दोन सेकंद लागले असतील.
तेवढ्यात चिपनं वीस लाख पावलं टाकली,
जागच्या जागी,
त्याच एका पायाला विचारत
आहेस का.